हाँगकाँग डिस्नीलँड, दहा महिन्यांची लेक आणि राइड्सची पाळी

सीवूड्स_अनु

नमस्कार. भाऊबीज झाली की आम्ही हाँगकाँगला निघतोय. मी, नवरा, सासूबाई, नणंदेचा सात वर्षांचा मुलगा आणि आमची लेक. लेक तेव्हा दहा महिन्यांची झालेली असेल. त्यात डिस्नीलँडचा एक अख्खा दिवस ठेवलाय आणि मदत हवी आहे ती त्याच दिवसासाठी.

मला आणि नवऱ्याला, दोघांनाही राइड्सचं वेड आहे. कॉलेजात असताना गोराईच्या बोटीतून एस्सेलवर्ल्डला जायचो ते गेट बंद होईपर्यंत बाहेर पडायचो नाही. लेक झाल्यापासून तसला एकही दिवस मिळालेला नाही. त्यामुळे दोघांपैकी कुणीच राइड सोडायला तयार नाही.

सासूबाई म्हणतात, "तुम्ही खुशाल हिंडा, मी बसते हिला घेऊन." अगदी मनापासून म्हणतात. पण त्या पहिल्यांदाच परदेशात येताहेत, पासपोर्टसुद्धा या प्रवासासाठी काढला. त्यांनी इतक्या लांब येऊन दिवसभर बाकावर बसायचं हे मला पटत नाही. नवरा म्हणतो, आईला राइड्सची आवडच नाही. त्यांना विचारलं कुणी, हा माझा प्रश्न.

ऐकलंय की एकाने बाळ धरायचं, दुसऱ्याने जाऊन यायचं, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही. हे खरं आहे का? भाच्याला कुणाबरोबर पाठवायचं? बाळाला कुठे नेता येतं? आणि लेक अजून अंगावर पिते, तर माझी पाळी कधी लावावी?

कोलशेतची_वैदेही

अनु, खरं आहे. त्याला रायडर स्विच म्हणतात. हाँगकाँगला ती सोय आहे आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. ज्या राइडला उंचीची अट असते तिच्या दाराशी सगळ्यांनी मिळून जायचं, बाळासकट. तिथल्या कर्मचाऱ्याला 'रायडर स्विच' एवढं म्हटलं की कळतं. पहिली तुकडी नेहमीच्या रांगेतून जाते. ती उतरून आली की बाळ तिच्या हातात द्यायचं आणि थांबलेल्या माणसाने आत जायचं. त्याला मोठी रांग लागत नाही. पास किंवा चिठ्ठी हातात दिली तर ती एकाच माणसाने सांभाळायची, नाहीतर ऐन वेळी सगळ्यांचे खिसे तपासत बसावं लागतं. आणि हे सगळं रांगेत शिरायच्या आधी सांगायचं. अर्धी रांग सरकल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

उंचीची अट नसलेल्या राइडला हे मागायचं कारण नाही. तिथे लेकीलाच घेऊन बसायचं.

आता कोण पहिलं जाणार ते. तुझा शेवटचा प्रश्न खरं तर सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण दिवस त्याच्यावर बेततो. आमच्याकडे ठरलेलं असायचं की रांग नवऱ्याने लावायची. तो रांगेत शिरला की मी सावलीतली जागा बघून छोट्याला पाजायला घ्यायची. रांग पाऊण तासाची असेल तर पोटभर पाजून, ढेकर काढून, डायपर बदलूनही वेळ उरतो. नवरा येतो तेव्हा बाळ तृप्त असतं आणि माझं अंगही हलकं असतं. मग मी जाते. उलट केलंस, म्हणजे तू पहिली गेलीस, तर रांगेत तुझं अर्धं लक्ष घड्याळाकडे आणि अर्धं लेकीच्या रडण्याकडे. शिवाय छाती भरलेली असताना खांद्यावरून छातीवर येणारा पट्टा आवळला की जीव जातो. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

उंचीच्या अटी मला पाठ आहेत, कारण माझ्या बहिणीच्या मुलालाही बरोबर नेलं होतं. बिग ग्रिझली माउंटन ही रोलर कोस्टर 112 सेंटीमीटर, आयर्न मॅन आणि हायपरस्पेस माउंटन दोन्ही 102, टॉय स्टोरीच्या भागातला आरसी रेसर 120, तिथलाच पॅराशूट 81, आणि फ्रोझनच्या भागातली ओकनची घसरगाडी 95. सात वर्षांचा मुलगा आरसी रेसरला अगदी काठावर येऊ शकतो. त्याला आत्ताच दाराच्या चौकटीला टेकवून उभा कर, पेन्सिलने खूण कर आणि टेपने मोज. बसत नसेल तर घरीच सांगून टाक. दाराशी मोजपट्टीखाली उभं करून परत पाठवलं की त्या वयाच्या पोराचा सगळा दिवस रुसव्यात जातो. निघायच्या आदल्या आठवड्यात पार्कची साइटही बघ, डागडुजीसाठी कुठली ना कुठली राइड बंद असते.

भाचा कुणाबरोबर जाणार हेही आधीच ठरवा. पहिल्या फेरीत मामाबरोबर गेला तर दुसऱ्या फेरीत तुझ्याबरोबर परत सोडतील का, हे दाराशी पाळी ठरवतानाच विचारायचं. हो म्हणाले तर दिवसभर सगळ्यात खूश तोच.

लेकीला नेता येईल असं तिथे भरपूर आहे. इट्स अ स्मॉल वर्ल्डची बोट, विनी द पूह, जंगलातली बोट, सिंड्रेलाचा गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा, पार्कभोवतीची आगगाडी. मिस्टिक मॅनरलाही उंचीची अट नाही. अल्बर्ट नावाचं माकड एक जादूची संगीतपेटी उघडतं आणि म्युझियममधल्या सगळ्या वस्तू जिवंत होतात, अशी गोष्ट आहे. रूळ नसलेल्या गाडीत बसून खोल्याखोल्यांतून फिरवतात. थोडा अंधार आणि मध्येमध्ये मोठा आवाज आहे, पण मोठ्यांनाही ती राइड फार आवडते. लेकीला पुढे पट्ट्यात बांधून घेतलं असेल तर काही राइड्सवर काढून मांडीवर घ्यायला सांगतात. तशी सवय असू दे.

सासूबाईंबद्दल वेगळं लिहिते, जरा वेळ काढून.

ठाणेकर_आजोबा

अनु, राग मानू नका, पण दहा महिन्यांच्या बाळाला एवढ्या गर्दीत नेण्याची घाई कशासाठी? तिला काही आठवणार नाही. दोन-तीन वर्षं थांबलात तर तीही नाचेल, बागडेल. आमची मुलं लहान असताना आम्ही उपवन तलावापर्यंत चालत जायचो आणि तेवढ्यावर सगळे आनंदात असायचे.

सीवूड्स_अनु

आजोबा, राग कसला? तुमची काळजी कळते. पण हा प्रवास फक्त तिच्यासाठी नाहीये. भाच्याला आम्ही कधीचा शब्द दिलाय. सासूबाईंचे गुडघे आज चालताहेत, दोन-तीन वर्षांनी कसे असतील कोण सांगणार? आणि आम्हा दोघांनाही आत्ता हे हवंय. तिला आठवणार नाही, पण आम्हाला आठवेल.

कोलशेतची_वैदेही

आजोबा, मला अनुचं पटतं. मूल झालं म्हणून आईबापाने सगळी हौस गुंडाळून ठेवायची, हे मला मान्य नाही. पाळी लावायची सोय मोठमोठ्या पार्कांत आहे ती याचसाठी.

आता सासूबाई. माझी आई आमच्याबरोबर आली होती आणि तिचंही वाक्य शब्दशः हेच होतं, "मी बसते बाळाला घेऊन." आपल्याकडच्या बायका हे इतक्या सहज म्हणतात की आपण पुढचा प्रश्नच विचारत नाही. मी विचारला. तुला बसायचंय, की आम्हाला बरं पडावं म्हणून म्हणतेस? ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "ती बोट असते ना, बाहुल्या नाचतात ती, त्यात बसेन." मग आम्ही दिवसाची पाळी मांडताना दोन माणसांची न मांडता तीन माणसांची मांडली.

ती अशी. ग्रिझलीला नवरा आणि पुतण्या, छे, भाचा गेले तेव्हा मी आणि आई बाळाजवळ. नवरा आल्यावर मी गेले आणि आई बाळाजवळ अजिबात थांबली नाही. बाळ बापाच्या ताब्यात, आणि आई भाच्याचा हात धरून शेजारच्या गीझरकडे, जिथे जमिनीतून पाण्याचे फवारे उडतात. मग बोटीत आई, मी आणि बाळ. दुपारी बाळ झोपलं तेव्हा एक जण ढकलगाडीजवळ आणि बाकीचे मिस्टिक मॅनरला. त्या दुपारी ढकलगाडीजवळ थांबण्याची पाळी माझी होती. आईला मी मुद्दाम मिस्टिक मॅनरला पाठवलं आणि ती बाहेर आली तेव्हा भाच्यापेक्षा जोरात बोलत होती.

म्हणून सांगते, सासूबाईंच्या हातात नकाशा दे. चित्रांचा असतो, इंग्रजीची अडचण नाही. त्यांना तीन ठिकाणांवर बोट ठेवायला सांग आणि ती तीन ठिकाणं दिवसात पक्की धर. त्यांनी उद्या ग्रिझलीवर बोट ठेवलं तरी दचकू नकोस. पाठीचा, मानेचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर मात्र तसल्या राइड्स नकोत, तशा पाट्या दाराशी असतातच.

आणि नवऱ्याला एक समजावून सांग. सासूबाई बरोबर आहेत म्हणून रायडर स्विच नको, आई धरेल बाळाला आणि आपण दोघं एकदमच जाऊ, असं तो म्हणेल. एखाद्या राइडला जरूर जा एकत्र. माझ्या मते हायपरस्पेसला, काळोखात शेजारी आपलं माणूस असलेलं छान वाटतं. पण प्रत्येक राइडला तसं केलंत तर त्या बाकावरच राहतील. त्यांनी तोंडाने हो म्हटलं तरी.

निवृत्त_परिचारिका_वाशी

वैदेहीने राइड्सचं सगळं सांगितलंच आहे, मी बाळाचं सांगते. आयुष्य लहान मुलांच्या वॉर्डात गेलं.

उंचीची अट नसली तरी जी राइड हिसके देते ती दहा महिन्यांच्या बाळाला नको. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेचे स्नायू अजून पुरते धरलेले नसतात. बोट, आगगाडी, सावकाश फिरणारा पाळणा चालेल. त्या घोड्याच्या पाळण्यातही घोड्यावर न बसता बाकड्यासारखी जागा असेल तर तिथे बसा.

रात्री किल्ल्यासमोर आतषबाजीचा कार्यक्रम होतो. त्यासाठी लहान मुलांचे कानावर बसणारे आवाजरोधक घ्या आणि आठवडाभर आधी घरी थोडा थोडा वेळ घालून सवय लावा, नाहीतर ती तिथे ओढून फेकून देईल. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी कामाला येतीलच. तरी घाबरली तर मागे, लांब उभं राहा.

ढकलगाडीवर उन्हासाठी पंचा किंवा ओढणी चारही बाजूंनी टाकू नका. आत हवा खेळत नाही आणि बघता बघता भट्टी होते. छत्री लावा, सावलीत ठेवा. नोव्हेंबरात हाँगकाँगला उकाडा कमी असतो, पण दुपारचं ऊन लागतं.

खाण्यात मीठ, साखर नको आणि वर्षाच्या आत मध तर बोटभरसुद्धा नको. नाचणीचं सत्त्व कोरडं न्या. पार्कात बेबी केअर सेंटर आहे, तिथे पाजायला, डायपर बदलायला निवांत जागा मिळते. आत शिरल्या शिरल्या ते कुठे आहे ते बघून ठेवा. विमान चढताना आणि उतरताना अंगावर घ्या, गिळण्याने कान मोकळे होतात.

अनु, सिझेरियन झालं असेल आणि टाके अजून ओढत असतील तर जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि पुढच्या बाळाची शंका जरी असली तरी झटक्यांच्या राइड्स बंद.

कासारवडवली_परत

आम्ही काही वर्षं फ्लोरिडात राहून आलो. तिथे दोन पद्धती पाहिल्या, त्या लक्षात ठेवल्या तर पुढेही कामाला येतील. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये सगळं कुटुंब, बाळासकट, एकत्रच रांगेतून पुढे जातं आणि जिथे गाडीत बसायचं त्याच्या अलीकडे एक खोली असते. एक जण बाळाला घेऊन त्या खोलीत थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग तिथल्या तिथे बदली. त्याला चाइल्ड स्वॅप म्हणतात. डिस्नीत मात्र बाळ घेतलेल्या माणसाला रांगेत यावंच लागत नाही, तो तेवढ्यात बाहेर कुठेही हिंडू शकतो. पॅरिसच्या डिस्नीलँडला यालाच बेबी स्विच म्हणतात.

मला डिस्नीची पद्धत जास्त आवडते. बाळ रांगेत कंटाळतं आणि वैदेही म्हणते तसं त्या वेळात पाजून होतं. युनिव्हर्सलमध्ये निदान सगळे एकत्र असतात, गप्पा होतात, हेही खरं.

अनु, एक किरकोळ पण उपयोगाचं. ढकलगाड्या राइडच्या आत नेता येत नाहीत, बाहेर ठरलेल्या जागी लावतात. तिथले कर्मचारी गाड्या सरकवून ओळीत लावत असतात, म्हणून ठेवलेल्या जागी ती सापडेलच असं नाही. भाड्याच्या गाड्या तर सगळ्या सारख्याच. आमची बायको दांड्याला बांधणीच्या ओढणीचा लाल तुकडा घट्ट बांधायची. लांबून दिसायचा. गाडीत पासपोर्ट, पैसे ठेवू नका, डायपरची पिशवी राहू दे.

नेरूळचा_बाबा

हाँगकाँगच्या आधी घराजवळ रंगीत तालीम करा. आम्ही केली होती. खोपोलीला इमॅजिका थीम पार्क आहे, सीवूड्सहून एक्स्प्रेसवेने सकाळी लवकर निघालात तर नाश्त्याच्या वेळेला पोचता. मधल्या वारी जा. शाळा चालू असताना मधल्या वारी रांगा आखूड असतात, त्यामुळे आम्ही आळीपाळीने सरळ दोनदा रांग लावली तरी चाललं. नायट्रो या तिथल्या रोलर कोस्टरवर आधी बायको, मग मी. आमचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा, तोवर आमच्यापैकी एकाच्या कडेवर ते लोखंडी रूळ बघत बसायचा.

त्या दिवशी आपल्याला आपल्या बाळाचं गणित कळतं. किती वेळ ढकलगाडीत बसतं, कुठल्या आवाजाला दचकतं, दुपारची झोप गर्दीत लागते की नाही. आमचा गर्दीत झोपायचाच नाही. म्हणून पुढच्या सहलीत दुपारचे दोन तास आम्ही हॉटेलवर परत गेलो आणि संध्याकाळी पुन्हा पार्कात आलो. हाँगकाँगलाही तसं करता येतं, मात्र हॉटेल जवळ हवं. शहरात राहणार असाल तर सनी बे स्टेशनवर डिस्नीची वेगळी मेट्रो पकडावी लागते, तो वेळ धरा.

इतकं लांब जायचं नसेल तर आमच्या नेरूळच्या वंडर्स पार्कात लेकीला छोट्या आगगाडीत बसवून बघा. संध्याकाळचा कार्यक्रम होतो आणि सासूबाईंनाही फिरायला बरं.

कागदपत्रांचं: बाळाचा स्वतंत्र पासपोर्ट काढला असेलच. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जायच्या आधी ऑनलाइन आगाऊ नोंदणी करावी लागते आणि ती प्रत्येक माणसाची वेगळी, बाळाचीसुद्धा. तिची फी नाही. पार्कात तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे लेकीचं तिकीट काढू नका.

ठाणेकर_आजोबा

सगळं वाचलं. मी आधी जे लिहिलं ते बाळापुरतं लिहिलं होतं, आजीचा विचार माझ्या मनात नव्हता. आमच्या घरीही नातवंडांना घेऊन बाहेर पडलं की हिचं नेहमीचं ठरलेलं, तुम्ही जा, मी पिशव्या सांभाळते. परवा तलावपाळीला गेलो होतो तेव्हा पिशव्या मी धरल्या आणि तिला नातीबरोबर बोटीत बसवलं. बरं वाटलं तिला. अनु, जरूर जा.

सीवूड्स_अनु

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर पार्कचा नकाशा टॅबवर मोठा करून सासूबाईंसमोर ठेवला. आधी "मला काय कळतंय त्यातलं" झालं. मग भाच्याने एकेक राइडचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी बाहुल्यांची बोट आणि आगगाडी निवडली आणि तिसरं बोट ठेवलं ते ओकनच्या घसरगाडीवर. नवरा म्हणाला, "आई, ती रोलर कोस्टर आहे." त्या म्हणाल्या, "मग काय झालं, लहान मुलं बसताहेत की."

भाचा मोजला, 118 भरला. आरसी रेसर गेला, ग्रिझली आहे. थोडा हिरमुसला, पण ग्रिझली मध्येच उलट्या दिशेने मागे धावते हे कळल्यावर सावरला. सिझेरियन नव्हतं, तरी डॉक्टरांना विचारून घेते. इमॅजिकाची तालीम शाळा सुरू झाल्यावर एखाद्या बुधवारी करतोय.

वैदेही, एकच राहिलं. सासूबाई घसरगाडीवर जातील तेव्हा बरोबर कोण? आणि त्या वेळी बाळ कुणाकडे?

कोलशेतची_वैदेही

वा, सासूबाई! अगं, बरोबर त्यांचा मुलगा आणि नातू. पहिल्या फेरीत ते तिघं, तू लेकीला घेऊन पाजायला बस. ते उतरले की लेक नवऱ्याकडे आणि तू जा. भाच्याला परत सोडत असतील तर तुझ्याबरोबर. रक्तदाबाची गोळी घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. चष्मा काढून नवऱ्याच्या खिशात, साडीऐवजी पंजाबी ड्रेस, आणि पायात पट्ट्याची चप्पल, सपाता नकोत.